चौथ्या मळ्यावरचा चहा

आमच्या साळूमावशीइतकी सुखी मजूरबाई अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायची नाही. तिला हातमोजे होते, मास्क होता, गॉगल होता, डोक्याला टोपी होती. बसायला खुर्ची, प्यायला जारचं पाणी, बोट कापलं तर प्रथमोपचाराची पेटी, मन दुखावलं तर तक्रारपेटी, आणि गरज पडली तर निळ्या रंगाचा नवाकोरा संडास. एवढं सुख एका मळ्यात मावणार कसं? म्हणून मावशी आणि तिचं सुख, दोन्ही माझ्या पिकअपमधून या मळ्यातून त्या मळ्यात फिरायची. भाडं शेखरभाऊ द्यायचे.

माझं नाव धनराज. ओझरला स्टँडच्या कोपऱ्यावर माझी गाडी उभी असते. खत, क्रेट, लग्नातल्या मांडवाचं सामान, मिळेल ते भरतो. पण थंडीच्या दिवसांत माझं ठरलेलं काम असायचं मजुरांच्या सोयी वाहून नेण्याचं. आमच्याकडची द्राक्षं परदेशी जातात. तिकडच्या लोकांना द्राक्षं नुसती गोड असून चालत नाहीत. ज्या बायकांच्या हातांखालून ती गेली, त्यांचं नीट चाललंय ना, याचीही त्यांना खाताना खात्री लागते. चांगली गोष्ट आहे, माझं काही म्हणणं नाही. म्हणून हंगामात एखादा साहेब टॅब घेऊन मळ्यावर येतो, सोयी बघतो, एका बाईला चार प्रश्न विचारतो, टॅबवर खुणा करतो आणि जातो. याला ऑडिट म्हणतात. ऑडिटात नापास झालेल्या मळ्याचा माल खरेदीदार उचलत नाही.

शेखरभाऊ या ऑडिटचे सल्लागार. त्यांचं डोकं मानलंच पाहिजे. प्रत्येक शेतकऱ्यानं संडास बांधायचा, खुर्च्या आणायच्या, पेट्या टांगायच्या, आणि वर्षातून एका सकाळी कुणीतरी येऊन ते बघायचं, हा केवढा अपव्यय. त्यापेक्षा सगळ्यांत मिळून एकच संच करावा आणि साहेब जिथं जाईल तिथं त्याच्या आधी पोचवावा. साहेब शेडमध्ये चहा घेतो तेवढ्यात आम्ही पाटाच्या रस्त्यानं पुढचा मळा गाठायचो. दोन गड्यांनी फायबरचा संडास उतरवायचा, खुर्च्या मांडायच्या, पेट्या खिळ्याला अडकवायच्या. पाण्याचा जार एकच होता आणि तोच सगळीकडे पुरायचा, कारण त्याचं झाकण कुणी उघडत नसे. चहा घरी न्यायचा नाही, शेडमध्येच द्यायचा, हा शेखरभाऊंचा नियम. घरी नेलं की घरातल्या बायका काहीतरी खरं बोलून जातात.

मावशी या संचात कशी आली, तेही सांगतो. आधी ती विरळणीच्या टोळीत होती. विरळणी म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढायचे, मग उरलेले टपोरे होतात. दिवसभर हात वर आणि मान वर. एका संध्याकाळी ट्रॉलीतून उतरताना ती पडली आणि गुडघा गेला. मुकादमानं शहाळं आणून दिलं, विचारपूस केली आणि दुसरी बाई बघितली. झाली सामाजिक सुरक्षा.

पुढं थोड्याच दिवसांत मावशी राहिलेल्या मजुरीचा हिशोब विचारायला जुन्या मालकाच्या, पुंजाराम अण्णांच्या मळ्यात गेली, तर तिथं ऑडिट चालू होतं. साहेब बायकांना विचारत होता, "तक्रार असली तर कुठं करता?" बायका पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभ्या होत्या. मावशी शेडच्या पायरीवर बसल्या बसल्या म्हणाली, "पेटीत टाकायची. पण पेटी आल्यापासून तक्रारच सुचंना बघा."

साहेब हसला. "विमा आहे का?"

"हाय की."

"कसला?"

"मेल्यावरचा. जित्तेपणीचा निघाला म्हंजे अण्णा सांगतीलच."

साहेबानं 'कामगार जागरूक आहेत' या रकान्यात खूण केली आणि शेखरभाऊंनी तिथल्या तिथं मावशीला कामावर घेतलं. तेव्हापासून ऑडिटाच्या दिवशी प्रत्येक मळ्यावर उत्तर द्यायला तीच. टोपी, गॉगल आणि मास्क चढवला की बाई ओळखू येत नाही, हा सुरक्षेच्या साहित्याचा फायदा शेखरभाऊंच्या आधी कुणाच्या लक्षात आला नव्हता. एका मळ्यावर ती मीना, दुसऱ्यावर भागुबाई, तिसऱ्यावर जे सुचेल ते. लंगडताना दिसू नये म्हणून साहेब यायच्या आत तिला खुर्चीत बसवून ठेवायचो. साहेबाला वाटायचं, इथं मजुरांना विश्रांतीही मिळते.

आता तिच्या सुनेचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. छाया तिचं नाव. मावशीचा मुलगा वाल्मीक सिन्नरला कारखान्यात कंत्राटी आहे. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नवा कामगार म्हणून तोच. त्यामुळे घर चालतं ते छायाच्या कात्रीवर. ती पुंजाराम अण्णांच्या बागेत विरळणीला जाते. यंदा तिला लघवीचा त्रास सुरू झाला. ताप भरायचा, पोटात कळ यायची, तरी दुसऱ्या दिवशी कामावर. डॉक्टर म्हणाले, दिवसभर भरपूर पाणी प्या, नाहीतर मूत्रपिंडावर येईल. छाया घरी येऊन ते सांगताना हसत होती. हसण्यासारखं काय होतं ते बायकांना लगेच कळलं, मला मात्र मावशीनं समजावून सांगितलं तेव्हा कळलं.

द्राक्षाची बाग खालून मोकळी असते. पानं सगळी वर मांडवावर, खाली नुसती खोडं आणि तारा. एका टोकाला वाकून बघितलं की दुसऱ्या टोकाला उभ्या माणसाच्या चपला दिसतात. पूर्वी शेजारी ज्वारी असायची, ऊस असायचा, बाई चार पावलं आत गेली की नाहीशी व्हायची. आता आमचं शिवार सुधारलं, बांधापासून बांधापर्यंत द्राक्षं झाली आणि बायकांना आडोसा राहिला नाही. म्हणून टोळीतल्या बायका सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाण्याला शिवत नाहीत. कधी अगदीच निभेना झालं तर सगळ्या मिळून एकदम जातात, जिला जायचं तिच्याभोवती पाठ करून उभ्या राहतात, ओढण्या आणि पदर पसरतात. त्याला मुकादमाची परवानगी लागते आणि मुकादमाला ते आवडत नाही, कारण एकीसाठी अख्खी टोळी थांबते.

मावशीनं आधी सरळ मार्ग धरला. शेखरभाऊंना म्हणाली, "भाऊ, विरळणी चालूय तवर तो निळा संडास अण्णांच्या मळ्यात राहू द्या. आडिट असंल तवा न्या."

"मावशी, वापरला की खराब होतो," शेखरभाऊ म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी तिला चहा पाजला.

मग ती अण्णांकडे गेली. अण्णा म्हणाले, "इतकी वर्सं कुठं जात हुत्या? आन चार दिसाच्या टोळीसाठी मी बांधकाम काढू का?" शेवटी तिनं छायाकडून चिठ्ठी लिहून घेतली आणि तक्रारपेटीत टाकली. पेटी माझ्याच गाडीत होती. पुढच्या ऑडिटाआधी शेखरभाऊंनी ती उघडली, चिठ्ठी वाचली, चुरगळून खिशात घातली आणि म्हणाले, "मावशी, पेटीत कचरा टाकत जाऊ नका. रिकामी दिसली पाहिजे." मला त्या दिवशी शेखरभाऊंचा राग आला. भाडं घेतलं, तरी राग आलाच.

डिसेंबरात चार मळ्यांचं ऑडिट एकाच दिवशी लागलं. शेवटचा मळा अण्णांचा. या वेळी साहेब नव्हता, मोहिनी मॅडम होत्या. तिशीच्या असतील. नाशिकहून गाडीनं आलेल्या, अंगात स्वेटर, कानाला मफलर. आमच्याकडची डिसेंबरातली थंडी ज्यानं सोसलीय त्याला ती वेगळी सांगायला नको. आजवरचे सगळे ऑडिटवाले पुरुष. त्यांनी निळ्या संडासाकडे लांबून बघून खूण केली होती आणि स्वतःला लागल्यावर बांधाकडे तोंड करून उभे राहिले होते. पुरुषाला काय, अख्खं शिवार आपलंच.

पहिल्या मळ्यावर पाण्याचा पेला पुढं केला तर मॅडम म्हणाल्या, "नको. बाहेर असले की मी पाणी पीत नाही." चहा मात्र घेतला, थंडीच तशी होती. आम्ही संडास चढवला, खुर्च्या चढवल्या आणि पाटाच्या रस्त्याला लागलो. मावशीनं माझ्या शेजारी बसून मास्क खाली ओढला. म्हणाली, "धना, ही पाणी पीत नाय."

"मग?"

"मग काय. आपल्यातलीच हाय."

दुसऱ्या मळ्यावर मावशीनं स्वतःहून पाहुणचार हातात घेतला. उत्तरं देता देता ताकाचा तांब्या मागवला. मॅडम नको म्हणाल्या, तर मावशी म्हणाली, "ताई, मळ्यावर आलेली बाई ताक न पिता गेली तर वेल रुसतो." जन्मभर ओझरात राहून ही प्रथा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. पण शेखरभाऊ पाहुणीला खूश ठेवायला बसलेले, त्यांनीही मान हलवली. मॅडमनी ताक घेतलं. मग त्यावर चहा. मॅडम मध्येच म्हणाल्या, "तुमचा आवाज मघाशी ऐकल्यासारखा वाटतो."

"मास्कातून समद्यांचा सारकाच येतो," मावशी म्हणाली.

तिसऱ्या मळ्याकडे जाताना तिनं मला सांगितलं, "दमानं चाल." मी म्हटलं, मॅडमची गाडी आधी पोचेल. "पोचू दे. गुडघा दुखतुय." मी हळू चाललो. आम्ही पोचेपर्यंत शेखरभाऊंनी घाबरून मॅडमना शेडमध्ये उसाच्या रसाला बसवलं होतं. रसानंतर चहा. मॅडम आता खुर्चीत नीट टेकत नव्हत्या, पाय जुळवून बसल्या होत्या. मावशी गॉगलमधून बघत होती. एवढं होऊनही मला काही कळलं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो.

अण्णांच्या मळ्यावर पोचलो तेव्हा वारा सुटला होता. अण्णा मफलर गुंडाळून हसत उभे. टोळीच्या बायका ओळींत कात्र्या चालवत होत्या, छायाही त्यांत होती. संडास उतरवून उभा केला. शेडमध्ये मावशीनं स्वतः चुलीजवळ बसून चहा सांगितला, आलं ठेचून, मोठ्या पेल्यात. "बोचरं वारं हाय ताई, घ्या." मॅडमनी पेल्याकडे बघितलं, मग मावशीकडे बघितलं आणि मुकाट्यानं घेतला. प्रश्न विचारून झाले. टॅबवर खुणा चालल्या. शेवटच्या रकान्याशी मॅडम थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे वापरता येईल ना?"

"काय?" शेखरभाऊंनी विचारलं.

मॅडमनी निळ्या संडासाकडे बोट केलं.

"वापरायला?" शेखरभाऊंनी हे इतक्या मनापासून विचारलं की मला त्यांची दया आली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी काढलाच नव्हता. "मॅडम, तो मजुरांसाठी आहे."

"मजूर वापरतात ना?"

"हो, हो. रोज."

"मग उघडा."

किल्ली शेखरभाऊंच्या खिशात होती, ती सापडायला वेळ लागला. दार उघडलं. आत गेल्या दसऱ्याच्या झेंडूच्या माळा, पिवळ्या हेल्मेटांची चळत, आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं भांडं. भांड्याखालचा पाइप मागच्या बाजूनं बाहेर येऊन हवेतच संपला होता. खाली अण्णांची काळी माती.  शेखरभाऊ म्हणाले, हायवेवर हॉटेल आहे, गाडीनं लगेच पोचू. मॅडमनी मानेनंच नाही म्हटलं. एवढं थांबणं होणार नव्हतं. आम्ही सगळे पुरुष एकेक दिशा धरून बघत उभे राहिलो. अण्णा तर मांडवाच्या तारा मोजत असल्यासारखे.

मावशी खुर्चीतून उठली. मास्क काढला, गॉगल काढला, हातमोजे काढून खुर्चीवर ठेवले. "छाये, आडोसा धरा गं," ती म्हणाली आणि मॅडमचा हात धरून ओळीच्या टोकाकडे लंगडत निघाली.

बायकांनी कात्र्या तारांना अडकवल्या. मुकादम काही म्हणायच्या आत सगळी टोळी चालू लागली. टोकाला जाऊन त्यांनी गोल केला, पाठी आत, तोंडं बाहेर, ओढण्या, पदर, साडीवर घातलेले पुरुषी शर्टसुद्धा काढून पसरले. आम्ही वळून उभे राहिलो. त्या वाऱ्यात तो आडोसा धरून ठेवणं सोपं नसणार. मॅडमना आमच्या मळ्यात मिळालेली खरी सोय ती एवढीच.

परत आल्या तेव्हा मॅडमचा चेहरा उतरला होता, पण पावलं हलकी पडत होती. शेजारी मावशी लंगडत होती आणि तोंड उघडं होतं. मॅडम थांबल्या. "सकाळपासून तुम्हीच ना?"

"मीच."

"खरं नाव काय?"

"साळूबाई."

मॅडमनी छायाकडे बघितलं. "रोज असंच करता?"

"रोज नाय," छाया म्हणाली. "रोज आमी पाणीच पीत नाय."

"मीपण," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी टॅब उघडला आणि त्या रकान्यात 'नाही' लिहिलं. शेखरभाऊ हात जोडून पुढं आले, आधीच्या तीन मळ्यांवर सगळं बरोबर होतं की, म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "त्या तिन्ही मळ्यांचे अहवाल पाठवून झालेत. आता मागे घेतले तर सकाळी काय बघितलं म्हणून आधी मलाच काढतील. मीही कंत्राटावरच आहे." गाडीत बसण्याआधी त्यांनी अण्णांना सांगितलं, पंधरवड्यात पुन्हा बघायला येईन.

पुढचं झटपट झालं. शेखरभाऊंनी मावशीला त्याच संध्याकाळी काढून टाकलं. आधीचे तीन मळे पास झाले म्हणून त्यांचा धंदा बुडाला नाही, नवी बाई शोधायला लागली एवढंच. माझं भाडंही गेलं, कारण मी हळू चाललो होतो. अण्णांनी मात्र दुसऱ्याच दिवशी जेसीबी बोलावला. खड्डा खणला, गवंडी आणला, विटांचा संडास उभा राहिला, आत पांढऱ्या फरश्या, वर टाकी. बायकांसाठी इतक्या वर्षांत झालं नव्हतं ते द्राक्षांसाठी आठवड्यात झालं. द्राक्षांना नाराज करून चालत नाही, ती परदेशी जायची असतात.

बांधून झाल्यावर अण्णांनी दाराला कुलूप लावलं. मॅडम येईपर्यंत स्वच्छ राहू दे, म्हणाले. मावशी तोवर टोळीत परत आली होती. उभं राहवत नाही म्हणून पालथ्या क्रेटवर बसून खाली लोंबणारे घड विरळायची, त्यामुळे मजुरीही अर्धीच. शेखरभाऊंच्या खुर्चीपेक्षा क्रेट टोचतो, असं ती मला म्हणाली होती. ती उठून अण्णांकडे गेली.

"अण्णा, मॅडम आल्या की आधी तितंच जायाच्यात. पाणी उतरतंय का नाय, कोण बघून ठेवणार? तुमी?"

अण्णांनी थोडा विचार केला आणि किल्ली काढून दिली. ती आता छायाच्या मंगळसूत्राला पिनेनं अडकवलेली असते.

गेल्या आठवड्यात मी अण्णांकडे क्रेट टाकायला गेलो. भर दुपार, विरळणी जोरात. छायानं कात्री तारेला अडकवली, बांधावरच्या माठाशी गेली, तांब्या भरला आणि उभ्या उभ्या घटाघट प्यायली, सगळ्यांदेखत. टोळीतल्या बायका बघत होत्या. मावशी क्रेटवर बसून बघत होती. मी तिच्याजवळ जाऊन विचारलं, "त्या दिवशी दमानं चाल म्हणालीस, ते गुडघ्यापायीच ना?"

"तर कशापायी?" ती म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. छायानं तोंड पुसून तांब्या खाली ठेवला होता.

"ठिवतीस काय," मावशी म्हणाली. "आजून एक घे."

छायानं तांब्या पुन्हा भरला.